अठ्ठेचाळीस हजार

“एक लाख ब्याण्णव हजारच ठेवायचं,” विजयसिंह तिसऱ्यांदा म्हणाले. “सेकंदाला आवाजाचं एवढं नमुनं! सगळ्यात मोठा आकडा हाय त्यो. सीडीच्या कव्हरवर छापायचाय मला.”

शिवांजलीने मान वर केली नाही. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून तिने उचगावात हा स्टुडिओ थाटला, तेव्हापासून आकड्यावर अडणारी गिऱ्हाइकं तिला नवी नव्हती. विजयसिंहांचा शिरोलीत ओतकामाचा कारखाना होता. आत्याची भलरी जपून ठेवायची त्यांची ओढ मात्र खरी होती.

काचेपलीकडे त्या आत्या, म्हणजे बाळाबाई, साथीच्या पाच बायका घेऊन बसल्या होत्या. भातलावणीचं ते वीस मिनिटांचं गाणं पुरं येणाऱ्या आता त्या एकट्याच. परवा विजयसिंहांच्याच आकड्यावर रेकॉर्डिंग झालं. सहा माईकचा नेहमीपेक्षा चौपट भार संगणकाला पेलला नाही. अकराव्या मिनिटाला आवाजात टकटक शिरली, गाणं वाया गेलं आणि दम्याच्या बाळाबाई दोन दिवस खोकत पडल्या. आज छातीत एकदाच गाण्यापुरता दम होता.

“उद्या नवा कम्प्युटर आणतो की!”

“आणा. आत्तींचा दम कुठून आणणार?” शिवांजलीने अठ्ठेचाळीस हजार निवडले. “माणसाला ऐकू येतं ते सगळं यात मावतं. त्यावरचं वटवाघळांना.”

“लोक हसतील वो.”

“वाळूच्या साच्यातून निघालेला नग तुम्ही मायक्रॉनमध्ये मोजता?”

“कशाला? वाळूला तेवढी सफाईच नसती.” बोलून गेल्यावर आपणच सापडल्याचं त्यांच्या ध्यानात आलं.

“पटत नसेल तर दुसरा स्टुडिओ बघा. इथे आज हेच.” तिने लाल बटण दाबलं.

बाळाबाईंनी सूर लावला. बायकांनी तो उचलला. अकरावं मिनिट आलं तेव्हा शिवांजलीने हेडफोन कानांवर दाबून धरले. टकटक आली नाही. शेवटची ओळ बारीक झाली, थरथरली, पण तुटली नाही.

विजयसिंहांनी डोळे पुसले आणि लगेच म्हणाले, “आता मागनं फुगवून एक लाख ब्याण्णव करता येतंय म्हणं?”

“येतं. मी करणार नाही.”

“काय फुगवायलाईस रं?” बाळाबाई दारात उभ्या होत्या. शिवांजलीने दोन वाक्यांत सांगितलं.

“म्हंजे दुधात पाणी,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “माप वाढतंय, फॅट लागंल व्हय? आमच्या डेरीवर असलं कॅन परत लावत्यात, विजा.”

शिवांजलीने कव्हरच्या मजकुरात ‘अठ्ठेचाळीस हजार’ लिहिलं आणि संगणकाचा पडदा विजयसिंहांकडे वळवला. “खाली तुमचं नाव घालू?”

त्यांनी आकडा पुन्हा एकदा वाचला. “घाला.”

“त्याचं मागनं,” बाळाबाई म्हणाल्या. “आधी माझ्या बायकांची घाल. पाचीच्या पाची.”