फोटोपुरती शाल

मित्रांनो, मी शाल आहे. वयानं फार जुनी नाही, पण इतक्या खांद्यांवरून उतरले आहे की जुनीच म्हणा. दूरच्या कारखान्यात विणले गेले. काठाला सोनेरी वेल होती. हिंगोलीच्या बाजारात घडी होऊन पडले असताना मी एकच मागायचे: मला एक माणूस मिळो, त्याची थंडी मिळो.

मला घेतलं वारंगा फाट्यावरच्या एका सेवा मंडळानं. अध्यक्ष विजयकुमार, मंडळाचं मोबाइलवरचं पेज पुनम सांभाळते. पहिल्या सत्काराला टाळ्या पडल्या. फोटो निघाला, आणि मी सत्कारमूर्तीच्या खांद्यावर टेकते न टेकते तोच विजयकुमारनं मला ओढून मोटारसायकलच्या डिकीत कोंबलं.

शेजारच्या मंडळाशी यांची चुरस. एकदा पुनम म्हणाली, "दादा, ते आठवड्याला एकच पोस्ट टाकतात, तरी त्यांचे फॉलोअर आपल्या दुप्पट."

"मंग आपण रोज तीन टाकू!"

"रोज तीन माणसं आणायची कुठून?"

"फाट्यावर माणसांची काय कमी हाये?"

तेव्हापासून रोज तीन खांदे. कुणाच्या केसांचं तेल, कुणाचा घाम, हारातल्या कुजक्या पाकळ्या. डिकीत तेलकट फडक्याशेजारी मी कुबट होत गेले. मला माझी शिसारी येई, आणि त्या टाळ्यांचीही.

मग पौषात रुक्माबाईचा सत्कार झाला. फाट्यावर उतरणाऱ्यांना ती रांजणातलं पाणी पाजते. तिनं मला गळ्याशी घट्ट ओढलं आणि मला वाटलं, पोचले घरी.

"आजी, शाल द्या," पुनम म्हणाली.

"काहून? मला दिली न्हाई का?"

"फोटोपुरती होती, आजी."

रुक्माबाईनं पदर सारखा केला. मग मला हुंगलं. "लई वास येऊन राहिला गं. धुऊन देते. दुसऱ्याचं कापड अंगाला लागलं की धुतल्याबिगर परत करत न्हाई मी."

पुनमची मान खाली गेली. विजयकुमार म्हणाला, "बराबर सकाळी पाहिजे."

रुक्माबाईनं मला दगडावर घासलं. माझ्यातून काळं पाणी निघालं, निघतच राहिलं. दोरीवर मी रात्रभर गारठले. उजाडता विजयकुमार हजर.

"ओली हाये, भाऊ. उन्हं तरी येऊ दे. न्हाई तर दुसरी घे."

"तवर शेजारच्या मंडळाची पोस्ट पडंल ना!"

त्यानं मला पिळलं आणि नेलं. हायवेवर मेलेली कुत्री उचलून पुरणारा म्हातारा जळबा, त्याच्या उघड्या मानेवर मला टाकलं.

"ओली हाये का ओ?" जळबा शहारला.

"हसा, काका," पुनम म्हणाली. जळबा हसला. त्याचे दात वाजत होते, फोटोत नुसते दिसले. खाली लोकांनी लिहिलं, 'अभिमान वाटतो.' विजयकुमार दिवसभर वाढलेले फॉलोअर बघत बसला. जळबा तापानं फणफणला.

मित्रांनो, कुणाच्या अंगावर शाल टाकाल तर ती तिथंच राहू द्या. काढून घ्यायची असेल तर टाकूच नका. ऊब द्यायला जन्मलेल्या मला एका म्हाताऱ्याचं अंग गार करायला लावलं, याची किळस अजून माझ्या धाग्याधाग्यात आहे, आणि ती कुठल्याच दगडावर धुऊन निघत नाही.