शिक्का आईचा, कारभार मुलांचा

"शिक्का मारण्याआधी विचारायचं. अडवायचं मात्र नाही," नवऱ्याने शेवटच्या आजारात सांगितलं होतं. तीन वर्षं आई ते पाळत आली. सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय शिक्क्याला हात लावायचा नाही, हा नेम तिचा स्वतःचा.

पुस्तकबांधणीचा कारखाना आता मुलांच्या हाती होता. इथली कापणी-बांधणी थोरल्याकडे, दुसऱ्या गावची शाखा धाकट्याकडे. वाटणीचा कागद नवऱ्यानेच लिहून ठेवलेला. शिक्का तेवढा आईचा; त्याशिवाय कुठलाही निर्णय पक्का होत नसे.

त्या दिवशी थोरल्याने पुढे सरकवलेला कागद टाकेवाल्या मावशींचा होता. जुनी, फाटकी पुस्तकं उसवून हाताने पुन्हा शिवणाऱ्या मावशी. नवं यंत्र आलं, म्हणून महिनाअखेर त्यांचं काम बंद.

आईचा हात शिक्क्यापाशी थबकला. "तुमचं काम थांबवायचा विषय निघाला, तर आधी घरी येऊन सांगू," असा शब्द नवऱ्याने मावशींना दिला होता, तिच्यादेखत.

"मावशींशी कुणी बोललंय का?"

"कागद मिळाला की कळेलच की. तू मार ना शिक्का. राणीने सही करायची, हात हलवायचा, झालं!"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लेक नागरिकशास्त्राच्या वह्या तपासत होती. ती मान वर न करता म्हणाली, "दादा, राणीला विचारायचा हक्क असतो. सल्ला द्यायचा आणि बजावायचासुद्धा. सरकारं येतात नि पडतात, ती जागेवरच. एका पोराने तर लिहिलंय, राजा राज्य करतो पण कारभार करत नाही, आमच्या बाबांसारखा!"

आईला हसू फुटलं. "आणि राजा नसतो तिथे गं?"

"संघराज्य असलेल्या प्रजासत्ताकात प्रमुख निवडलेला, तोही मुदतीपुरता. केंद्राचं काम केंद्राकडे, राज्यांचं राज्यांकडे. एकाने दुसऱ्याच्या यादीत नाक खुपसायचं नाही. तुम्हा भावांसारखं."

"म्हणजे आपलं घर धड ना हे, धड ना ते," थोरला म्हणाला.

आईने हळूच विचारलं, "आणि जे कुठल्याच यादीत नाही, ते कुणाचं?"

लेकीने पेन खाली ठेवलं. "काही देशांत केंद्राचं, काही देशांत राज्यांचं. पण ते आधी लिहून ठेवावं लागतं."

आईने कपाटातून वाटणीचा कागद काढला. कापणी होती, नवी बांधणी होती, विक्री होती, शाखा होती. जुन्या पुस्तकांची दुरुस्ती कुठेच नव्हती. इथली आणि शाखेची, दोन्हीकडची जुनी पुस्तकं मावशींकडेच येत, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं; लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं.

थोरल्याने कागद दोनदा वाचला. "तू मला अडवतेयस, आई."

"अडवत नाही रे. विचारतेय. आत्ता म्हणालास तर आत्ता शिक्का मारते."

त्याने कपाळ चोळलं. "नको. मी एकट्याने ठरवलं तर धाकटा डोक्यावर बसेल. रविवारी तो आला की दोघं मिळून ठरवू." पुढे केलेला कागद त्यानेच उचलून दुमडला. "पण यंत्र काही परत जाणार नाही, सांगून ठेवतो."

"बरं."

आईने शिक्का डबीत ठेवून कपाटाला किल्ली लावली. रविवारी काय ठरेल ते तिच्या हातात नव्हतं. पण विषय तर निघाला होता.

"कुठे निघालीस?" लेकीने विचारलं.

"मावशींकडे," ती म्हणाली आणि चपला पायात सरकवून जिना उतरू लागली.