शिमग्याआधी सोडलेलं घर

१९५८ साली आम्ही मालवणात हरिश्चंद्र नावाच्या गृहस्थाच्या घरात भाड्यानं राहत होतो. हे नाव आईवडिलांनी मोठ्या आशेनं ठेवलं असावं. आमचे हे शाळेत मास्तर, मूळचे साताऱ्याचे. स्टँपपेपर पुढं आला की आधी सही करायची आणि मग वाचायचं, ही त्यांची विद्वत्ता. शिमग्याआधी घर सोडलं तर राहिलेल्या महिन्यांचं भाडं द्यायचं, हे कलम त्यांनी असंच नंतर वाचलं.

घर तसं हवेशीर होतं. पावसाळ्यात हवेबरोबर पाणीही यायचं. मिरगाआधी छपराचे नळे, म्हणजे कौलं, परतून देतो, असं मालक म्हणाला होता. कुठल्या वर्षीच्या मिरगाआधी, ते विचारायचं राहिलं.

दिवाळीपर्यंत शाळेचा पगार दोन महिने थकला. चर्चच्या मागं सेवरीनाबायचं अर्ध्या भाड्याचं घर रिकामं होतं. दोन घरांचं भाडं भरणं आम्हाला शक्यच नव्हतं. मालकानं करारावर बोट ठेवलं असतं, तर गळक्या छपराखालीच उपाशी बसायची वेळ होती.

सामान गाडीत चढत होतं, तेवढ्यात मालक नारळ घेऊन आला. सोबत सगळ्यांच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालणारे म्हातारे गंगाराम आणि मालकाचे चार गडी. भांडण नको, देवाच्या कानावर घालू, म्हणाला. एवढा भाविक माणूस मी आधी पाहिला नव्हता. तुळशीपुढं सगळे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा," गंगारामांनी सुरू केलं, "हे मास्तर अर्ध्यार घर सोडून जातत. तेंका सुबुद्धी दी. शिमग्यासर तेंचो पाय हयच रवांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात आमचे हेही. हात जोडून, डोळे मिटून.

"काय केलंत हे?" मी कुजबुजले.

"सगळे म्हणाले, म्हणून मी म्हणालो."

मी कोकणातलीच, फोंडाघाटची. देवापुढं व्हय म्हटलेलं मागं घेता येत नाही, हे मला माहीत होतं. पण नारळ फुटेपर्यंत प्रत्येकाला आपलं मागणं सांगता येतं, हेही माहीत होतं.

"आणि कोणाचा काय आसा?" गंगारामांनी विचारलंच.

मी पुढं होऊन त्यांना सांगितलं. म्हाताऱ्यानं एकदा वर छपराकडं पाहिलं आणि आवाज चढवला, "मालकान मिरगाआदी नळे परतुचे कबूल केलेले. ते परतूक नसतीत, तर ह्या लेकरांका भाडा न मागता सुखान जावंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळ्यात मोठा आवाज मालकाचा. जन्माची सवय.

नारळ फुटला. मग त्याला ऐकू आलं.

"गंगाराम, ह्या काय सांगितलंस?"

"माका मास्तरणीन सांगितला, मी देवाक सांगितलंय. व्हय तू म्हटलंस. आता चुकला म्हणान तूच सांग देवाक."

मालकानं तुळशीकडं पाहिलं, गड्यांकडं पाहिलं. गडी जमिनीकडं बघत होते. शेवटी त्यानं खिशातून करार काढून यांच्या हातात दिला. देवाविषयी त्यात काही कलम आहे का, ते हे तिथंच उभं राहून वाचू लागले.

नारळाची लहान वाटी मालकानं आम्हाला दिली. नव्या घरात पहिल्या दिवशी सेवरीनाबायनं बांगडे पाठवले, तेव्हा त्या वाटीचं मी वाटण केलं. देवाचा प्रसाद माशांत घालू नये म्हणतात, पण घरात दुसरा नारळ नव्हता.