त्याच्या डोळ्यांदेखत

"बाई, तुमचं नाव कुठेच नाही," पेन्शन कचेरीच्या खिडकीतला कारकून तिसऱ्यांदा म्हणाला.

"नीट बघा हो! लग्न झाल्यापासून त्या लाँड्रीत इस्त्री करतेय मी."

"तिथे एकच बाई कामगार म्हणून नोंदलेली आहे." त्यानं नाव वाचून दाखवलं. ते माझ्या धाकट्या जावेचं होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जाऊबाईनं जन्मात कधी इस्त्री हातात धरली नव्हती. लाँड्री माझ्या नवऱ्याची आणि दिराची. कागदपत्रं सगळी दिराकडे आणि घाम गाळायला आम्ही दोघं. तक्रार करायची तर साक्षीदार लागणार, आणि नवरा तर गेलेला.

"एक मार्ग आहे," कारकून म्हणाला. "अजून सहा वर्षं स्वतःहून दरमहा हप्ता भरा. एकही चुकवू नका. मग पेन्शन बसेल."

तशीच लाँड्रीत गेले. दीर गल्ल्यावर चहा पीत होता.

"भाऊजी, माझ्या जागी बायकोचं नाव घातलंत?"

"एकाच घरात आलं ना शेवटी, वहिनी? म्हातारपणी आम्ही काय तुम्हाला उपाशी ठेवणार आहोत?"

वर हसला मेला! तिथंच ठरवलं. म्हातारपणी याच्या हातचा घास खायचा नाही म्हणजे नाही. पेन्शन घ्यायची, आणि तीही याच्या डोळ्यांदेखत.

लाँड्रीच्या बरोबर समोर किल्ल्या बनवणाऱ्याचा गाळा रिकामा होता. तो भाड्यानं घेतला आणि इस्त्रीचं टेबल मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून मांडलं. दिरानं माझ्या जागी ठेवलेला माणूस कॉलर वरूनच दाबायचा, टोकं वाकडी व्हायची. मी आधी आतून फिरवते. गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडायला लागली.

हप्त्याच्या दिवशी चांगले कपडे घालून त्याच्या दारावरूनच जायचे.

"कुठे निघालात, वहिनी?"

"पेन्शनचा हप्ता भरायला!" रस्ताभर ऐकू जाईल असं ओरडायचे.

तापानं फणफणले होते, तेव्हाही गेले. दाढ ठणकत होती, तिचे पैसे हप्त्यात घातले आणि महिनाभर एका बाजूनं चावलं. पुढे त्याच्याकडचा माणूस सोडून गेला, तेव्हा वाईट वाटलं का? छे! त्या दिवशी मी दोनदा चहा केला. पेन्शन हातात पडली की त्याच्या गल्ल्यासमोर उभं राहून काय बोलायचं, ते घोटून पाठ केलं होतं.

एक हप्ता उरला होता. आणि हा पठ्ठ्या झोपेतच गेला.

सकाळी जाऊबाई शर्ट घेऊन दारात. "ताई, यांना शेवटचा हाच घालायचाय. एवढी इस्त्री करून दे गं."

शर्ट टेबलावर पसरला. वाटलं, इस्त्री पाठीवर ठेवून द्यावी आणि करपल्याचा वास येईपर्यंत हलू नये. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जाऊबाईला वाटलं, दिरासाठी रडतेय. दिरासाठी कसली! जे तोंड पडलेलं बघायला सहा वर्षं उभी राहिले, ते तोंडच उरलं नव्हतं. आता सांगू कुणाला?

शर्ट केला. बाह्या, पाठ, बटणांची पट्टी, सगळं मन लावून. वाईट काम मला येतच नाही, त्याला मी काय करू!

"किती द्यायचे, ताई?" जाऊबाईनं चाचरत विचारलं.

"बोर्डावर लिहिलेत तेवढे."

तिनं दिले. मी मोजून घेतले, सुटे परत केले. शर्टाची घडी घालून ती पिशवीत कोंबायला लागली.

"अगं, घडी नको घालूस, चुरगळेल," मी म्हटलं. "दोन्ही हातांवर आडवा धर."

तिनं तसा धरला. मी बाहेर येऊन रस्त्यावरची वाहनं थांबवली आणि तिला पलीकडे जाऊ दिलं.