एकसुरी मास्तर

"पंख्याला तेल घालायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"वा, जावईबापू! उपकार केले तर वर तोंड करून विचारताय? रिकाम्या पिंपात दगड टाकल्यासारखा खडखडत होता तो. आता बघा, आवाज तरी येतो का!"

"तेच बोंबलतोय ना मी, मामा! येत नाही!"

क्रेनवाला बनियनवर उभा, डोळे लालभडक. लोखंडाच्या गोदामात त्याची रात्रपाळी. सकाळी नऊला घरी येऊन त्या खडखडाटात ढाराढूर झोपायचा. चार दिवसांपूर्वी सासरे आले राहायला. रिटायर हेडमास्तर, रिकामे हात खाजतातच. त्यांनी स्क्रू आवळले, तेल घातलं आणि जावयाची झोप उडवली. काल तर क्रेनला लोखंडी पट्ट्यांची मोळी लटकत असताना त्याला पेंग आली. साहेबाने खडसावलं, "पुन्हा डुलकी दिसली तर क्रेनवरून खाली, हातात झाडू."

त्याने स्क्रू परत सैल करून पाहिले. पण आता पंखा खाड करायचा, गप्प बसायचा, मग एकदम दोनदा खाडखाड. पुढचा खाड कधी येतोय याची वाट बघत माणूस टक्क जागा.

मग बायकोने शांततेची मोहीम काढली. बेलची वायर उपटली, कुकर बंद, मास्तरांना खोकायला मनाई. टाचणी पडली तर ऐकू यावी इतकी शांतता. आणि टाचण्या पडतच होत्या ना! नळाचा थेंब, शेजारणीचा चमचा, वरच्या मजल्यावर सरकलेली खुर्ची. मास्तर खोकला गिळायचे, तर त्या गिळण्याचाही आवाज.

"अगं, एकच आवाज सारखा चालू असला ना, की बाकीचे त्यात बुडतात," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "कान म्हणतो, नवीन काही नाही, पडा आता. तू शांतता केलीस नि तो बसलाय पहारा देत."

"कानाला कशाला दोष देता? मनावर ताबा नाही तुमचा," म्हणत मास्तरांनी उशाशी खुर्ची ओढली. "निद्रानाशाची कारणं चार. पहिलं कारण..."

मास्तरांचं बोलणं म्हणजे पिठाची गिरणी. वर नाही, खाली नाही, एकदा सुरू झाली की दळण. पहिल्या कारणालाच क्रेनवाल्याची मान कलली, दुसऱ्याला तो घोरायला लागला. मास्तर दुखावून थांबले. हा ताडकन उठून बसला.

"का थांबलात?"

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "बोला बाबा, बोलत राहा!"

"कोणासमोर? झोपला होता हा!"

"झोपले होते कुठे? डोळे मिटून ऐकत होते."

"आणि ते घोरणं?"

"हुंकार देत होते, बाबा."

माणसाला स्वतःच्या कौतुकाचं काहीही पटतं. मास्तरांना पटलं. वर्गातली पोरंही अशीच हुंकार द्यायची, हे आठवून त्यांना गहिवरून आलं.

"फक्त मधे प्रश्न विचारू नका," लेक म्हणाली, "आणि आवाज चढवू नका. त्यांची तंद्री मोडते."

झालं! रोज नऊ ते तीन व्याख्यान. चार कारणं संपली, शिस्त संपली, बदलीचे अर्ज कसे लिहावेत तेही संपलं. क्रेनवाला टवटवीत, साहेब खूश, मास्तर तर दहा वर्षांनी तरुण. घसा बसू नये म्हणून कोमट पाणी प्यायचे, आरशासमोर हातवारे करून बघायचे.

पाचव्या दिवशी साडेचारला क्रेनवाला चहा पीत होता. मास्तर समोर येऊन बसले.

"उद्यापासून नवा विषय. त्याआधी उजळणी. सांगा, पहिलं कारण कोणतं?"

"अं?"

"आठवत नसेल तर सरळ सांगा. मी समजेन की माझी थट्टा चाललीय. बॅग भरतो नि संध्याकाळच्या गाडीने जातो."

बायको मास्तरांच्या पाठीमागे उभी राहून उत्तर सुचवायला कपाळावर हात आपटत होती, ओठ हलवत होती, पोटावरून हात फिरवत होती. क्रेनवाल्याला ओ की ठो कळेना.

"पहिलं कारण ना, मामा... फार खोल आहे. दोन वाक्यांत सांगितलं तर अपमान होईल त्याचा."

"मग चार वाक्यांत सांगा."

"चार..."

"हं. ऐकतोय मी."

क्रेनवाल्याने कप ठेवला. उजव्या चपलेत डावा पाय घातला. पाळी सातला सुरू व्हायची, अजून पाचही वाजले नव्हते.

"मामा, ड्यूटी! मला आत्ताच्या आत्ता निघायलाच हवं!"