करंगळीचा चुना

आमचे नाना तंबाखू खात नाहीत, पान खात नाहीत, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत. तरी त्यांच्या खिशात चुन्याची डबी असते. ही गोष्ट अख्ख्या घरात फक्त माझ्या लक्षात आली होती, आणि मला त्याचा केवढा गर्व!

नाना म्हणजे माझे धाकटे चुलते, आसाराम. नगरजवळ नागापूरला कारखान्यात लेथवर आहेत, पंधरा दिवसांनी खर्ड्याला घरी येतात. मागच्या डिसेंबरात मी नगरच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले. नगरच्या मुलींना मागे टाकून! त्या दिवसापासून आई म्हणते, "हिच्या तोंडाला कुलूप घातलं तरी किल्ली हिच्याकडंच ऱ्हाईल." खरंच आहे ते. आधी मी वर्गात उभी राहिले की पाठ केलेलंही विसरायची. आता मला वाटायचं, मला दिसतं ते सगळं मी बोलून दाखवलंच पाहिजे.

स्पर्धेच्या त्या दिवशी नाना मला परतीच्या एस.टी.त बसवायला नगरच्या स्टँडवर आले होते. एक उंच माणूस आला, सदऱ्यावर रंगाचे डाग.

"पाव्हणं, चुना हाय का?"

नानांनी डबी काढली. आमच्याकडे सगळे चुना पहिल्या बोटाच्या टोकावर घेतात. याने करंगळीच्या नखावर घेतला आणि ती करंगळी तशीच धरून उभा राहिला. नानांनी डबीची कड आपल्या करंगळीने पुसली आणि झाकण लावलं.

"कुठं असता?" नानांनी विचारलं.

"माळीवाड्यात. दुकानाच्या पाट्या रंगवतो. सहादेव म्हनत्यात मला."

त्याच्याकडे तंबाखू नव्हतीच. चुना त्याने खांबाला पुसून टाकला. मग दोघं बोलत राहिले, गाडी लागेपर्यंत. घरी नाना पाहुण्यासारखे अंग चोरून बसतात. तिथे त्या गर्दीत ते स्वतःच्या घरी असल्यासारखे उभे होते.

पुढे खर्ड्याच्या बाजारातही मी हे एकदा पाहिलं. माणूस दुसरा, करंगळी तीच. पहिल्या बोटावर घेणाऱ्यांपुढे मात्र नाना नुसती डबी धरायचे. मी मनाशी ठरवून टाकलं की स्काऊटवाले हस्तांदोलनाला डावा हात देतात, तसं हे कामगारांचं काहीतरी मंडळ असणार.

माघात नानांना बघायला पाहुणे आले. मुलीचे वडील उत्तमराव आणि मुलीचे मामा श्रीमंतराव. मामांच्या मिशा अशा की कप तोंडाला लावताना आधी त्या बाजूला सारायच्या. आण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळपासून खुशीत होते. तीन वर्षं नाना स्थळं टाळत होते. यावेळी आण्णांनी त्यांना न विचारताच दिवस ठरवला होता. सकाळी चुलीपाशी नाना आईला हळूच म्हणाले, "वहिनी, एवढं एक टाळता येईल का?"

"तिशी आली की आसारामभाऊजी. लोकं काय म्हनतील?"

नाना उठले. जाऊन सतरंजीवर मान खाली घालून बसले.

मी चहा घेऊन आले तेव्हा उत्तमराव आपली पान-तंबाखूची चंची उलटीपालटी करत होते. "चुना वाळून दगड झाला की राव."

बास. एवढं निमित्त मला पुरलं.

"नानांकडं आहे ना! तंबाखू खात नाहीत, पण डबी कायम खिशात. आणि चुना असा नाही हं घ्यायचा." मी ताट खाली ठेवून करंगळी वर केली. "असा. नगरच्या स्टँडवर असा कुणी घेतला की नाना त्याच्याशी घटकाभर बोलतात. नाहीतर नुसतीच डबी पुढं करतात!"

स्पर्धेत अशा जागी हशा पिकतो. इथे पिकला नाही. नानांनी खिशावर हात दाबून धरला.

"म्हंजी?" उत्तमरावांनी विचारलं. "करंगळीनं का?"

आण्णाही नानांकडे बघायला लागले. मी काहीतरी मोडलं होतं. काय, ते मला कळत नव्हतं.

तेवढ्यात श्रीमंतमामांनी कप खाली ठेवला आणि हात पुढे केला. "द्या की पाव्हणं."

नानांनी डबी उघडली. मामांनी करंगळीच्या नखावर चुना घेतला.

"अवो, कामाच्या मानसाची बोटं चिरलेली. चुना झोंबतो. करंगळीला काय काम नसतं, ती शाबूत ऱ्हाती. आमी बी असाच घेतो."

"ह्यो बरा शोध!" म्हणून उत्तमराव हसले, आण्णा हसले. पण मामा नानांकडेच बघत होते आणि नानांच्या हातातलं झाकण काही केल्या डबीवर बसत नव्हतं.

"चला, विहीर दावा," मामा उठले.

मी मागोमाग गेले. नानांची माफी मागायची होती. कशाची, ते नंतर विचारलं असतं. विहिरीला पाणी नव्हतंच यंदा. दोघं काठावर बसले होते. मी कडब्याच्या गंजीआड थांबले.

"कुनाकुनाला ठावं हाय?" मामांचा आवाज.

"कुनालाच न्हाई. पोरीला बी कळत न्हाई ती काय बोलली."

"कळंल. हुशार हाय." मामांनी एक खडा कोरड्या विहिरीत टाकला. "माझं लगीन झालं तवा मी एकोनीसचा. बायकू सोन्यासारखी. पंचवीस वर्सं ती सोताला विचारती, माझ्यात काय कमी हाय? तिच्यात कायबी कमी न्हाई, आसाराम. मला बाईमानूस त्या नजरंनं दिसतच न्हाई. गडीमानूसच दिसतो. तुझं बी तेच ना?"

"व्हय," नाना म्हणाले.

एवढा लहान शब्द उच्चारायला एवढा वेळ लागलेला मी कधी ऐकला नव्हता.

"भागिरथी माझी भाची. तिनं बी पंचवीस वर्सं सोताला तेच विचारायचं का? आमच्यात मामाच्या शब्दाबिगर पोरगी देत न्हाईत. मी मोडतो. दोष नोकरीला देतो. तू फकस्त गप ऱ्हा."

"तुमच्यावर कुनी संशय घेतला तर?"

"म्हनून तर मिशा एवढ्या वाढवल्यात."

नाना हसले. हसता हसता त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं. मी गंजीआड तशीच बसले, तोंडावर दोन्ही हात घट्ट दाबून.

परत आल्यावर मामा मोठ्याने म्हणाले, "मुलगा लाखाचा. पन कारखान्याची नोकरी, आज हाय उद्या न्हाई. आमची पोरगी शेतीवाल्याकडंच दिऊ." आण्णांनी खूप समजावलं. मामा हलले नाहीत.

पाहुणे गेले. नानांनी पिशवी भरली आणि डबी कोनाड्यात ठेवून दिली.

"नाना, मला माफ करा."

"तुजा काय दोष, मने?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता करंगळीची गोष्ट उत्तमराव हसत हसत चार गावांत सांगत्याल. ती डबी मी कुटं काढू?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

ऑगस्टात पुन्हा नगरला स्पर्धा होती. कोनाड्यातली डबी मी दप्तरात घेतली. सकाळी निघताना तिच्यात पाण्याचे चार थेंब घालून चुना मऊ करून घेतला होता. मी बोलले, दुसरी आले. नाना स्टँडवर सोडायला आले तेव्हा पहिल्यापेक्षा वाळलेले दिसत होते. सहादेव भेटतो का, असं विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.

आम्ही खांबापाशी उभे होतो. खाकी विजार घातलेला एक माणूस दोनदा समोरून गेला. तिसऱ्यांदा थांबला.

"पाव्हणं, चुना हाय का?"

"न्हाई," नाना म्हणाले आणि माझ्याकडे बघून त्यांनी मान खाली घातली.

माणूस वळला. पाच पावलं गेला, सहा गेला. मी दप्तर उघडलं.

"नाना, तुमची डबी. माझ्याकडं राहिली होती." आणि त्या माणसाला हाक मारली, "ओ काका, चुना सापडला!"

नानांनी डबी हातात घेतली. माझ्याकडे बघितलं. मी दोघांकडे पाठ केली, वेळापत्रकाच्या फळ्यासमोर जाऊन उभी राहिले आणि गावांची नावं मोठ्याने वाचायला लागले, स्पर्धेतल्यासारखी खणखणीत: जामखेड, करमाळा, पाटोदा, बीड. यादी संपली. मी मागे न बघता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.