वनमालाआत्याच्या ओव्या

मित्रांनो, मी मुलुंडचा एक जुना संगणक. सत्त्याऐंशी साली विद्याधरने मला कचेरीतून घरी आणलं, ते त्याच्या वनमालाआत्यासाठी. आत्याच्या घशात गाठ होती. ऑपरेशन झालं की आवाज जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. मालवणातल्या जात्यावरच्या ओव्या फक्त तिलाच येत होत्या, आणि तिला लिहिता येत नव्हतं.

विद्याधरने त्या टिपून घ्यायला सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला. ओव्या वाढल्या की तो ‘रिअॅलॉक’ म्हणून माझ्या मेमरीत मोठी जागा मागे. मी जुनं सगळं तिथे हलवून नवा पत्ता देई, आणि तो प्रोग्रॅममधल्या एका नावात जपला जाई. त्या पत्त्यावाचून आतलं काही सापडत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आत्या सकाळपासून सांगत बसली. आवाज पार बसला, तरी थांबेना.

“सगळा लिवलंस मां रे?”

“हो आते. संपलं की एकदमच फ्लॉपीवर उतरवतो.”

संध्याकाळी त्याने पुन्हा जागा मागितली. एवढी सलग जागा माझ्याकडे उरली नव्हती. मी नकार म्हणून शून्य दिलं. जुन्या ओव्या होत्या तिथेच सुखरूप होत्या. पण त्याने माझं उत्तर न तपासता, जुना पत्ता होता त्याच नावात भरलं. पत्ता पुसला गेला. पुढची ओवी त्याने त्या शून्यावरच लिहिली आणि मी जागीच अडकलो. एकही कळ चालेना.

“सुनंदा, वाट लागली गं!”

त्याची बायको धावत आली. “अरे, आतच असेल ना सगळं?”

“असेल. पण कुठे, ते मीच पुसलं.”

शेवटी त्याने मला बंद केलं. बंद झालो की माझ्या मेमरीतलं काही उरत नाही; ओव्या गेल्या. आत्याला बोलवेना, सकाळी तिला ऑपरेशनला नेलं.

मित्रांनो, नवी जागा मागाल तेव्हा उत्तर वेगळ्या नावात घ्या. ते शून्य नाही ना, बघा. मगच जुना पत्ता सोडा. आणि मोलाचं असेल ते मधूनमधून फ्लॉपीवर उतरवा. विद्याधरने नंतर प्रोग्रॅम सुधारला. त्याचा उपयोग कुणाला?

महिन्याने आत्या घरी आली आणि माझ्यासमोर बसली. तिचे ओठ हलू लागले, हात जातं ओढावं तसा फिरू लागला. आवाज नव्हता. विद्याधरला एक शब्दही कळत नव्हता. तो खाली मान घालून कळा दाबत राहिला, तिला टकटक ऐकू यावी म्हणून.

मी बंदच होतो.